तुमच्या घरी ऋतू येतात काय?

(कौटुंबिक जीवनावरील पाठ)

शास्त्रपाठ : अनुवाद १६:९-१५, उत्पत्ती ८:२०-२२, स्तोत्र १२८
मननासाठी : निर्गम ५:६-१९, नहेम्या ८:१४-१७
पाठाचा उद्देश : ऋतूंबरोबर घरात येणारे लहानसहान आनंद ही देवाची देणगी आहे. लहान मुलांबरोबर ते आनंद घेणे हा उपकारस्तुतीचा पहिला धडा आहे, हे समजून घेणे.



सुरत शहराच्या पूर्वेला गोडादरा नावाची आमची वस्ती आहे. एके काळी हे शेतीचे गाव होते. आज येथे चाळी, सोसायट्या आणि दुकाने यांची दाटी झाली आहे. धुळे, नंदुरबार व जळगाव या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे येथे व शेजारच्या लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत राहतात. कोणी लूमवर आहे, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी कापड मार्केटात गठ्ठे उचलतो. घरोघरी भगिनी साड्यांचे धागे कापतात, लेस लावतात, स्टोन चिकटवतात. आमची लहानशी मराठी मंडळी अशाच कुटुंबांची बनलेली आहे.

१. एका मुलाचे उत्तर

जून महिना होता. नुकताच पाऊस सुरू झाला होता. शब्बाथशाळेत आम्ही नोहाचा पाठ घेतला आणि पृथ्वी आहे तोवर पेरणी व कापणी, थंडी व ऊन चालूच राहतील हे देवाचे अभिवचन समजावून सांगितले. मग नेहमीप्रमाणे प्रश्न विचारला, "मुलांनो, आपल्याकडे ऋतू किती?" बहुतेकांनी "तीन" म्हणून हात वर केले. मागच्या ओळीतला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा मात्र म्हणाला, "सर, आमच्या घरी दोनच. बाबांची दिवसपाळी असते तो एक, अन् रातपाळी असते तो दुसरा. रातपाळीत दिवसा बोलायचं नाही."

वर्ग हसला. आम्हीही हसलो. परंतु घरी जाताना ते उत्तर आमच्या मनातून जाईना. त्या मुलाने थट्टा केली नव्हती. एका खोलीत बाप बारा तास काम करून आलेला असतो, त्याला झोप हवी असते, आणि आई मुलांना ओठांवर बोट ठेवून गप्प बसवते. पुढल्या आठवड्यात पाळी बदलते. मग मुले झोपल्यावर बाप येतो आणि ती उठण्याआधी जातो. बाहेर थंडी पडो की आभाळ भरून येवो, त्या खोलीत त्याची वर्दी पोचत नाही. त्या लेकराने आपल्या घराचे पंचांगच आम्हांला वाचून दाखवले होते!

या पाठात आपण एकाच गोष्टीचा विचार करणार आहोत. आपल्या घरी ऋतू येतात काय? आणि येत नसतील तर त्यांना आत घेणे हे ख्रिस्ती आईबापांचे कर्तव्य आहे काय?

२. गुलामाला ऋतू नसतो

निर्गमाचा पाचवा अध्याय उघडा. फारोने इस्राएल लोकांना विटा पाडण्याच्या कामाला जुंपले होते. पुढे त्याने गवताचा पुरवठा बंद केला, पण विटांची गणती एकानेही कमी केली नाही. रोजचे काम रोज भरून दिले पाहिजे, असा मुकादमांचा तगादा होता. लोक देशभर धसकटे गोळा करीत फिरले. येथे जरा थांबून विचार करा. धसकटे केव्हा मिळतात? पीक कापून झाल्यावर. म्हणजे मिसर देशात सुगी आली होती, पण ती दुसऱ्यांच्या घरी. गुलामाच्या वाट्याला तिचे फक्त बुडखे आले. त्याच्या वर्षाला पेरणी नाही, कापणी नाही, विसावा नाही. आज जितक्या विटा तितक्याच उद्या.

अशा लोकांना देवाने हात धरून बाहेर काढले. पुढे मोशे त्यांना सांगतो की तुम्ही ज्या देशात जात आहात तो मिसरासारखा नाही. तो आकाशातून पडणारे पावसाचे पाणी पितो (अनुवाद ११:१०-११). म्हणजे तेथे आभाळाकडे पाहावे लागेल, पहिल्या व शेवटल्या पावसाची वाट पाहावी लागेल. मोकळ्या माणसाला देवाने ऋतू परत दिले.

आमचे लूमवरचे बंधू काही गुलाम नाहीत. ते मानाने कष्ट करून घर चालवतात, आणि कष्टाला कमी लेखणे हे शास्त्राला मान्य नाही. परंतु केवळ विटांची गणती राखणारे जीवन आपल्या घरात हळूहळू शिरत नाही ना, हे प्रत्येक कुटुंबाने तपासून पाहावे. किती मीटर कापड झाले, किती साड्या झाल्या, शिकवणीची फी भरली काय, हप्ता गेला काय, एवढेच बोलणे ज्या घरात होते, तेथील मुले देवाला 'पुरवठा करणारा' म्हणून कदाचित ओळखतील. 'आनंद देणारा पिता' म्हणून त्यांनी त्याला कोठे पाहावे?

३. देवाने सण हंगामाला बांधले

आता अनुवादाचा सोळावा अध्याय पाहा. सप्ताहांचा सण केव्हा धरायचा? उभ्या पिकाला विळा लागल्यापासून सात आठवडे मोजून. मांडवांचा सण केव्हा? खळ्यातील व द्राक्षकुंडातील उत्पन्न गोळा झाल्यावर. देवाची उपासना आणि शेतातला हंगाम यांची देवानेच गाठ मारली. आणि या सणांत आनंद करणे ही आज्ञा आहे. कोणी आनंद करायचा त्याची यादीही दिली आहे. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, पोरका आणि विधवा. बापाच्या पाठोपाठ मुलगा व मुलगी यांचे नाव आहे, हे लक्षात घ्या. मुलांना झोपवून मोठ्यांनी करायची ही उपासना नव्हती. आणि बारावे वचन सांगते की तू मिसरात दास होतास याची आठवण ठेव. आनंदाच्या आज्ञेला लागूनच ही आठवण का सांगितली? कारण दासपणातून सुटल्याची खूण हीच की, आता तुझ्या लेकरांना हंगामाचा आनंद घेता येतो.

मांडवांच्या सणात लोक झाडांच्या फांद्या आणून मांडव घालीत व सात दिवस त्यांत राहत (लेवीय २३:४०-४३). नहेम्याच्या काळी बंदिवासातून परतलेल्या लोकांनी घरांच्या धाब्यांवर, अंगणांत व चौकांत मांडव घातले (नहेम्या ८:१६). कल्पना करा, सात दिवस गच्चीवर फांद्यांच्या मांडवात झोपायचे म्हटल्यावर मुलांना किती हर्ष झाला असेल! मोशेने मुलांसाठी वेगळे प्रवचन ठेवले नाही. फांद्या आणायला लावल्या, आणि मूल आपणहून विचारील, "बाबा, हे कशासाठी?" अशी व्यवस्था केली (निर्गम १२:२६ व अनुवाद ६:२० ताडून पाहा). मुलाचा प्रश्न आधी, उत्तर मागून.

येथे एक माहिती सांगण्याजोगी आहे. यरुशलेमच्या पश्चिमेस गेजेर नावाचे प्राचीन नगर होते. यहोशवाच्या व शलमोनाच्या वृत्तांतात त्याचे नाव येते. सन १९०८ मध्ये तेथील उत्खननात चुनखडीची एक तळहाताएवढी पाटी सापडली. ती ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकातील मानतात. तिच्यावर वर्षाचे बारा महिने शेतीच्या कामांप्रमाणे लिहिले आहेत. दोन महिने पीक गोळा करण्याचे, दोन पेरणीचे, दोन मागास पेरणीचे, एक जवस काढण्याचा, एक जवाच्या कापणीचा, एक उरलेल्या कापणीचा, दोन द्राक्षवेलींची निगा राखण्याचे आणि शेवटचा उन्हाळी फळांचा. ही पाटी म्हणजे एखाद्या मुलाने गिरवलेला धडा असावा, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे. तसे असेल तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे एक मूल अक्षरे शिकताना आपल्या घरचे ऋतू गिरवीत होते! ती पाटी आज इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

आपल्या मुलाला अशी पाटी लिहायला दिली तर तो काय लिहील? परीक्षेचे दोन महिने, सुटीचा एक, आणि बाकीचे मोबाइलचे?

४. आपला हिवाळा

आता आपल्या घराकडे वळू. येथे आम्ही जे सुचवणार आहोत त्याला पैसा थोडा लागतो. वेळ मात्र लागतो.

सुरतेचा हिवाळा मोठा गुणी आहे. कोवळ्या ज्वारीचा पोंक बाजारात येतो. आपल्या खानदेशचा हुरडा तो हाच; फक्त येथे शेवेबरोबर खातात. सुरती पापडी, रताळी, हिरवी लसूण आणि तुरीच्या हिरव्या शेंगा यांनी हातगाड्या भरून जातात. घरी भरताचे एक वांगे भाजावे. गावाकडे ते कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, येथे गॅसवर भाजू. पण भाजताना मुलांना जवळ बसवावे आणि आजोबांच्या शेताची गोष्ट सांगावी. गरम कळण्याची भाकरी व भरीत खाताना "देवा, तुझे आभार" एवढी प्रार्थना लहान मुलालाही करता येते, कारण ज्याबद्दल आभार मानायचे ते त्याच्या हातात असते.

येथे आमची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी थंडीत मुलांच्या आईने तुरीच्या दोन किलो शेंगा आणल्या, परात मध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "अहो, या जरा. सगळे मिळून सोलू." आम्ही उद्याच्या प्रवचनाची तयारी करीत होतो. म्हणालो, "तुम्ही सोला, मला काम आहे." धाकटी मुलगी मूठभर शेंगा घेऊन आली आणि उघड्या पवित्र शास्त्रावर ठेवून म्हणाली, "बाबा, तुमच्या वाटणीच्या." आम्ही रागावलो. शास्त्राचा मान राखायला नको काय, असे तिला सुनावले. ती शेंगा उचलून गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही स्तोत्र १२८ वर प्रवचन केले. मेजाभोवती बसलेली लेकरे जैतुनाच्या रोपांसारखी असतात, हे आम्ही फार रंगवून सांगितले. लोकांनी हात मिळवून प्रवचन आवडल्याचे सांगितले. घरी आल्यावर ताटात तुरीच्या दाण्यांची आमटी होती. कोणी काही बोलले नाही. पण आमच्या वाटणीच्या शेंगाही दुसऱ्यांनीच सोलल्या होत्या, हे आम्हांला पहिल्या घासाला कळले.

बंधूंनो, शास्त्राचा मान कशाने राखला असता? पुस्तक मिटून परातीजवळ बसल्याने. तेव्हापासून हिवाळ्यातला एक शनिवार आमच्या घरी शेंगांचा असतो. सोलताना मुले जे बोलतात ते एरवी बोलत नाहीत. हात कामात आणि डोळे परातीकडे असले म्हणजे शाळेतली भीती, मित्राचे भांडण, सगळे बाहेर येते. "आज शाळेत काय झाले?" असे समोर बसवून विचारले तर उत्तर येते, "काही नाही."

५. आपला उन्हाळा

उन्हाळा कष्टाचा खरा, परंतु मुलांची सुटी त्यातच येते. गच्चीवर पापड, कुरडया व खानदेशी बिबड्या वाळत घालण्याचे दिवस हेच. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून त्यांचा चीक काढतात. तो शिजला की वाटीभर गरम चीक मुलांना मिळतो. ज्यांनी तो लहानपणी खाल्ला आहे त्यांना त्याची चव सांगायला नको. कावळे राखण्याचे काम मुलांचे. आपल्या गुजराती शेजारणींकडून छुंदा शिकून घ्यावा. किसलेली कैरी व साखर बरणीत घालून तोंडाला फडके बांधायचे आणि रोज उन्हात ठेवायची. सकाळी बरणी बाहेर, संध्याकाळी आत, हे काम एका मुलाकडे सोपवावे. आठ-दहा दिवसांत साखर विरघळून पाक होतो. देवाचा सूर्य कसा काम करतो आणि धीर धरणे म्हणजे काय, हे त्या बरणीतून जितके कळते तितके आमच्या व्याख्यानातून कळणार नाही.

सुटीत गावी जाणारे पुष्कळ जण उधन्याहून तापी मार्गाच्या गाडीने जातात. त्या वाटेवर नवापूर स्थानक लागते. ते अर्धे गुजरातेत आणि अर्धे महाराष्ट्रात आहे. सरहद्दीची रेघ फलाटावरील एका बाकावरूनच गेली आहे. मुलांना हे दाखवावे. एकाच बाकावर बसून दोन राज्यांत असणारा प्रवासी पाहिला की, आपणही पृथ्वीवर राहून स्वर्गाचे नागरिक कसे (फिलिप्पै ३:२०), हे सांगायला सोपे जाते. गावी आजीजवळ निजणे, पहाटे विहिरीवर जाणे, आमरसाचे जेवण, यांना प्रवचन लागत नाही. फक्त मुलांना तेथे न्यावे आणि मोबाइल पिशवीत ठेवावा. मुलांचाही आणि आपलाही.

६. आपला पावसाळा

पावसाळ्याचा आनंद सांगताना आम्ही जपून लिहितो. सुरतेला पाण्याची आठवण आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. खाडीकाठच्या वस्त्यांत आजही जोराच्या पावसात पाणी घरात शिरते. ज्या घरातले धान्य भिजले आहे त्या घरात पावसाच्या गमतीचा पाठ नको. तेथे आधी कोरडे पीठ आणि चादर घेऊन जावे. यादीतले 'पोरका आणि विधवा' हे शब्द येथे आठवावेत.

परंतु उत्पत्तीच्या आठव्या अध्यायातील क्रमही पाहा. ऋतूंचे अभिवचन देवाने केव्हा दिले? पुरातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कुटुंबाने वेदी बांधली तेव्हा. ज्यांनी पाणी सोसले होते त्यांनाच तो सांगतो की पेरणी येईल, कापणी येईल. म्हणून पावसाला भ्यालेल्या मुलाला ऋतूंचा देव दाखवणे हे आपले काम आहे. दारात वाहणाऱ्या गटारात नव्हे, तर परातीत पाणी घेऊन कागदाच्या होड्या सोडाव्यात. मक्याचे एक कणीस भाजून चौघांत वाटावे. वीज गेली तर कुरकुर न करता भिंतीवर हाताच्या सावल्यांचे ससे व हरणे करावीत. पन्नास वर्षांच्या माणसालाही ते ससे आठवतात. त्या वर्षी पगार किती होता ते आठवत नाही.

७. दोन शंका

पहिली शंका अशी की, तिळगूळ, पतंग, हे ख्रिस्ती घरात चालेल काय? आमच्या मंडळीत दर जानेवारीत हा प्रश्न निघतो. १४ जानेवारीला सारी सुरत गच्चीवर असते, आणि आपली मुले खिडकीत उभी राहतात. आमचे मत नम्रपणे सांगतो. थंडी देवाने केली, तीळ व ऊस देवाने उगवले, वारा त्याचा आहे. पौल सांगतो की देवाने निर्माण केलेले सर्व चांगले आहे आणि आभार मानून घेतलेले टाकाऊ नाही (१ तीमथ्य ४:४-५). उपासना मात्र फक्त प्रभूची. एखाद्या बंधूच्या विवेकाला यात अडचण वाटत असेल तर त्याच्यावर जबरदस्ती करू नये आणि त्याने इतरांचा न्याय करू नये (रोम १४ वाचा). रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. मराठी साहित्यात त्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणतात. अभंग, ओवी व कीर्तन यांतून त्यांनी प्रभूची स्तुती केली. या मातीतले चांगले ते प्रभूच्या चरणी आणता येते, हे त्यांच्या जीवनावरून दिसते. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला तिळाचा लाडू प्रेमानेच घ्यावा आणि नाताळची करंजी त्याच्या घरी न्यावी.

पतंगाविषयी एक सूचना मात्र ठामपणे करतो. काच लावलेला मांजा मुलांना देऊ नये. दुचाकीवरच्या माणसांचे गळे आणि पाखरांचे पंख त्याने कापले जातात. नायलॉनच्या मांजावर तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. साध्या दोऱ्याचा, शेपटीचा पतंग लहान मुलांना पुरतो. कोणाची पतंग कापली नाही म्हणून आनंद कमी होत नाही.

दुसरी शंका भगिनी बोलून दाखवत नाहीत, म्हणून आम्हीच लिहितो. हा सगळा आनंद करायचा कोणी? साड्यांचे धागे कापून, पाणी भरून, स्वयंपाक करून ज्या आईची पाठ दुखते, तिच्यावर आणखी पापड आणि छुंद्याचा भार टाकायचा काय? आमच्या प्रवचनाला एका भगिनीने दारात उभे राहून हेच विचारले होते. तिचे म्हणणे रास्त होते. जो आनंद एकीच्या कष्टावर बाकीचे भोगतात तो सण नव्हे. मिसरातही काहींची सुगी अशीच होती. देवाच्या यादीत दासी सुद्धा आनंद करणाऱ्यांत आहे, वाढणाऱ्यांत नाही. म्हणून नियम असा असावा की हंगामाचे काम सर्वांनी मिळून करायचे. जमत नसेल तर कमी करायचे. दहा किलोंच्या पापडांऐवजी एक किलोचे करावेत, पण पुरुषांनी लाटायला बसावे. रातपाळीच्या बापाला रोज वेळ नसेल. पण सुटीच्या दिवशी तासभर निघतो, आणि दिवाळीत लूम बंद असतात तेव्हा तर पुष्कळ निघतो. तो तास झोपेचा किंवा मित्रांचा न होता एकदा तरी लेकरांचा व्हावा.

आपला प्रभू नासरेथच्या घरात वाढला. पिठातले खमीर, दिवा, घर झाडून शोधलेले नाणे, बापाजवळ भाकर मागणारे मूल, बाजारात खेळणारी पोरे (मत्तय ११:१६-१७), हे सारे त्याच्या बोलण्यात येते. त्याने घर डोळे भरून पाहिले होते. राज्याची रहस्ये सांगायला त्याला घरातल्याच वस्तू पुरल्या.

८. शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ वर्गात घेताना मुलांना गेजेरच्या पाटीसारखी 'माझ्या घरची पाटी' करायला द्यावी. पुठ्ठ्यावर बारा घरे आखावीत आणि प्रत्येक महिन्यात घरी काय येते, काय शिजते, काय दिसते ते चित्राने दाखवावे. पुठ्ठा रिकामा राहिला तरी मुलाला लाजवू नये. ते रिकामे घर आपल्यासाठी आहे, त्या कुटुंबाला भेट द्यावी.

दुसरे, प्रत्येक मुलाला चमचाभर मेथीदाणे द्यावेत. जुन्या डब्यात माती घालून पेरायला सांगावे. चार-पाच दिवसांत कोंब दिसतात. आम्ही जूनमधल्या त्या पाठानंतर हेच केले. तिसऱ्या रविवारी पाळ्यांचे उत्तर देणारा तो मुलगा तेलाचा कापलेला डबा दोन्ही हातांत धरून आला. मेथी चांगली बोटभर वाढली होती. आम्ही विचारले, "पाणी कोण घालत होतं?" तो म्हणाला, "सकाळी बाबा घालायचे, कामावरून आले की. मग मला उठवून दाखवायचे."

आम्ही त्या बंधूला पुढे भेटलो. तो मंडळीत फारसा येत नाही. रातपाळी अजून चालूच आहे आणि खोलीही एकच आहे. पण त्या खोलीत काहीतरी उगवले होते आणि बापाने ते लेकराला उठवून दाखवले होते.

९. घरी व वर्गात विचार करण्यासाठी प्रश्न

(१) अनुवाद १६:११ मधील यादी वाचा. आपल्या घरच्या आनंदातून यातले कोण सुटले आहे?
(२) गेल्या महिन्यात आपण मुलांबरोबर हातांनी केलेले एक काम सांगा. अभ्यास धरू नये.
(३) आपल्या लहानपणच्या कोणत्या ऋतूची कोणती आठवण आपल्याला आहे? ती मुलांना कधी सांगितली आहे काय?
(४) घरातील हंगामाच्या कामाचा भार कोणावर पडतो? तो कसा वाटून घेता येईल?
(५) आपल्या गल्लीत यंदा ज्यांच्या घरी दुःख आहे त्यांना आपल्या आनंदात कसे सामील करता येईल?

१०. प्रार्थना

हे ऋतूंच्या देवा, थंडी, ऊन आणि पाऊस ही तुझीच लेकरांना दिलेली देणगी आहे. कामाच्या गणतीत आम्ही ती दाराबाहेर ठेवली, याची आम्हांला क्षमा कर. रातपाळीहून येणाऱ्या बापाला विसावा दे, थकलेल्या आईला सोबत दे. आमच्या परातीभोवती, चुलीपाशी आणि गच्चीवर तू आमच्याबरोबर बस. पुरात भिजलेल्या आणि शोकात असलेल्या घरांना आमच्या हातून तुझा आनंद पोचू दे. आमच्या मुलांना मोठेपणी आमची बोलणी विसरली तरी चालतील, पण तू चांगला आहेस हे त्यांच्या जिभेला आठवू दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.